सेलवास ते अमळनेर, दर दुसऱ्या गुरुवारी

९ जानेवारी १९९०, मंगळवार

मशिनीत सापडलेल्या यांच्या हाताची पट्टी काढली. उजव्या हाताची दोन बोटं गेलीच आहेत, तिसरं वाकत नाही. डॉक्टर म्हणाले, "जखम छान भरली." छान!

हे दवाखान्यातून थेट गलोंड्याला कंपनीत गेले. मी नको नको म्हणत होते. ठेकेदारानं हात उलटा-सुलटा करून बघितला, चहा पाजला आणि म्हणाला, "वाल्मिक, हात नीट चालायला लागला की ये." दोऱ्याच्या मशिनीवर उजवा हात लागतो. तो आता नीट चालणार नाही, हे त्यालाही माहीत आणि यांनाही. घरी येऊन भिंतीकडे तोंड करून झोपले. दुपारचे चार वाजले होते.

चाळीत कोणाजवळ बोलायची सोय नाही. भिंती पातळ. म्हणून इथं लिहिते.

१२ जानेवारी

आईचा निरोप आला, संक्रांतीला ये. दोंडाईच्याला जाऊन आले तर चार दिवसांचं जेवण तरी वाचेल — असा विचार आला आणि माझी मलाच लाज वाटली.

गावी जाते म्हटल्यावर शेजारचे कारभारीभाऊ पिशवी घेऊन आले. त्यांची बायको आक्काबाई पोरीला घेऊन अमळनेरला असते. "वहिनी, दोंडाईच्याहून पुढे कुणाच्या तरी हाती धाडा. पोरीचे बूट आहेत. शाळेत अनवाणी जाते." ते बघून आणखी एकानं आईचं औषध दिलं. एकानं बादली दिली, आत दुरुस्त केलेला रेडिओ. मी काय हमाल आहे का? पण नाही म्हणवलं नाही.

१७ जानेवारी

परत आले. दोंडाईच्यात अमळनेरला जाणारं कोणी भेटेना. बूट तसेच पडून राहिले असते. मग मीच गाडीत बसले आणि पोरीच्या पायात बूट घालूनच परतले.

आक्काबाईनं येताना भाकरीसाठी कळण्याचं पीठ दिलं, मिरचीचा ठेचा, ज्वारीचे बिबडे. कारभारीभाऊंनी पिठाची पिशवी उघडली, नाकाशी धरली. मग म्हणाले, "मनीऑर्डरीनं पैसे जातात वहिनी. हे जात नाही." गाडीभाडं त्यांनी बळेच हातात ठेवलं. आणि वर विचारलं, "पुन्हा कधी जाणार?"

पुन्हा कधी जाणार! तेव्हापासून हेच डोक्यात फिरतंय.

१८ जानेवारी

सेलवासला आपल्याकडची माणसं किती! नंदुरबार, दोंडाईचा, शिंदखेडा, अमळनेर — सगळी एकाच रेल्वेलायनीवरची. वापीहून सुरत, सुरतहून भुसावळची पॅसेंजर. दर दुसऱ्या गुरुवारी निघायचं. ज्याचं त्याला स्टेशनावरच खिडकीतून द्यायचं. रात्री अमळनेरला आक्काबाईकडे पडायचं, शुक्रवारी तिकडचं सामान घेत घेत परत. शनिवार-रविवार लोक येऊन घेऊन जातील.

नगामागं थोडे पैसे घ्यायचे. भांडवल म्हणजे दोन मोठ्या पिशव्या आणि तिकीट.

यांना कसं सांगू?

२० जानेवारी

सांगितलं. भडकले. "मी घरात बसू आणि बायको लोकांची गाठोडी वाहील?" मग म्हणाले, "मीच जातो." गेले, खाटेखालची ट्रंक एका हातानं ओढली, उचलायला गेले — ट्रंक पायावर आपटली. मी ती परत खाटेखाली ढकलली.

२१ जानेवारी, रविवार

सकाळी उठले तर हे पोस्टकार्डांचा गठ्ठा घेऊन बसलेले. डाव्या हातानं लिहीत होते. अक्षर पहिलीतल्या पोरासारखं वाकडं, पण वाचता येतं. "दर दुसऱ्या गुरुवारच्या भुसावळ गाडीला कावेरी येईल. बायकांच्या डब्यात. खिडकीला लाल फडकं बांधलेलं असेल."

लाल फडक्याचं त्यांनीच सुचवलं. मला रडू आलं, पण मी चुलीवरच्या धुराचं निमित्त केलं.

३१ जानेवारी, बुधवार

उद्या पहिली खेप.

यांनी दारावर कागद चिकटवलाय: रोकड घेणार नाही, काच घेणार नाही, उचलता येईल एवढंच. एकानं बाटली आणली. "बापाच्या खोकल्यासाठी." सेलवासला उघड मिळते, पण नाक्यापलीकडे गुजरात, तिथं दारूबंदी — आणि माझी अर्धी वाट गुजरातेतून! परत दिली. तो कुरकुरत गेला.

नीलेश आला होता. यांच्याच पाळीतला, बावीस-तेवीसचा, सदा हसरा. आईसाठी प्लॅस्टिकच्या चपला आणल्यात. "वहिनी, आई शिंदखेड्याला येईल. केसरबाई नाव. कशी ओळखाल? सगळ्यांच्या आधी तीच ओरडेल." आणि जाता जाता मागे वळून — "मी बारीक झालो असं सांगू नका हं."

सगळं नीट पोचेल ना? कार्डं पोचली असतील ना? कोणी आलंच नाही तर मी ते सगळं घेऊन कुठं उभी राहू?

३ फेब्रुवारी, शनिवार

पोचले, परत आले, जिवंत आहे.

नाक्यावर हवालदारानं पिशवीत काठी खुपसली. "आमां शुं छे, बेन?" म्हटलं, लोकांचं घरचं सामान. त्यानं पोराचा खुळखुळा बाहेर काढला, वाजवला, परत टाकला. बरं झालं, बाटली परत दिली होती!

नंदुरबारला कोणीही नाही. एकही माणूस नाही! गाडी सुटली तेव्हा वाटलं, संपलं. दोंडाईच्याला चार जण आले, आई पण. शिंदखेड्याला गाडी दोन मिनिटं थांबते. थांबायच्या आधीच एक बाई फलाटावरून धावत, हात वर करून, "कावेरी! वं कावेरी!" हीच केसरबाई. काळी, उंच, एका गुडघ्यात लंगडणारी. चपला घेतल्या, पण पायात घातल्या नाहीत, पदरात गुंडाळल्या. "माझा पोऱ्या बरा शे ना? खाई ऱ्हायना ना नीट?" मी म्हटलं, "हो मावशी, खाऊन-पिऊन आहे." तेवढ्यात गाडी हलली.

शुक्रवारी परतताना तीच पुन्हा उभी. लाडवांचा डबा. डबा वाफेनं गरम होता अजून.

४ फेब्रुवारी

नीलेशनं डबा इथंच उघडला. उभ्या-उभ्या तीन लाडू खाल्ले. "वहिनी, आईला सांगा, गूळ कमी पडला." आणि हसला. नंदुरबारवाल्यांचं सामान पडून आहे. त्यांना कार्डच मिळालं नव्हतं.

१७ फेब्रुवारी

दुसरी खेप बरी झाली. नंदुरबारलाही तिघं आले. केसरबाईला नीलेशची पिशवी दिली. गुळाचं सांगितलं तर फलाटावरच स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला! आजूबाजूचे हसले. तिनं दिलेला डबा नीलेशनं आज नेला, पण घाईत होता. बसला नाही.

भाडं सुटून थोडं उरलं. यांनी स्वतः जाऊन चहापत्ती आणली. दोन महिन्यांत पहिल्यांदा बाजारात गेले.

२८ फेब्रुवारी

उद्या निघायचं. सगळ्यांचं सामान आलं, नीलेश आला नाही. कारभारीभाऊ म्हणाले, त्याला ब्रेक दिला. सहा महिने होत आले की ठेकेदार ब्रेक देतो, कामावरून काढतो, म्हणजे कायम करायला नको. त्याच दिवसापासून दिसला नाही.

केसरबाईला काय सांगू?

३ मार्च

"काय धाडलं माझ्या पोऱ्यानं?" पहिलाच प्रश्न. तोंडातून निघालं, "घाईत होता मावशी. पुढच्या वेळी." तिच्या मागं दहा-बारा माणसं उभी होती, सगळी ऐकत. "मला माहीत नाही" असं म्हणाले असते तर? त्याचं सामान मिळत नाही तर आमचं तरी मिळत असेल का, असंच म्हणाली असती ना माणसं.

काल परतताना तिनं डबा दिला. जड आहे. कोपऱ्यात ठेवलाय.

५ मार्च

गलोंड्याला जाऊन आले. कंपनीचा वॉचमन म्हणे, "वो तो गया." त्याच्या खोलीतले म्हणाले, वळकटी घेऊन गेला, वापीकडे काम मिळालंय म्हणाला. कसलं काम? कोणाला ठाऊक नाही. कोणी विचारलंही नाही. इथं रोज एक जण येतो, एक जातो.

८ मार्च

डब्याला मुंग्या लागल्या. पुसून चाळीतल्या पोरांना लाडू वाटले. या वेळी गूळ भरपूर होता. मी एकही खाल्ला नाही. तरी चोरी केल्यासारखं वाटतंय.

१३ मार्च

होळी झाली. नीलेशचा पत्ता नाही. परवा खेप.

यांना न सांगता बाजारात गेले. केसरबाईचा गुडघा दुखतो. गरम पाण्यानं शेकायची रबरी पिशवी घेतली. नवा कागद गुंडाळला, यांच्यासारखं वाकडं अक्षर काढून वर लिहिलं — केसरबाई, शिंदखेडा.

एवढंच एकदा. तोवर तो येईलच.

१७ मार्च

काय करून बसले मी!

पिशवी बघून ती फलाटभर नाचली. खरंच नाचली, लंगड्या पायानं. प्रत्येकाला दाखवत होती. "माझ्या पोऱ्यानं धाडली! त्याले याद शे माझा गुडघा!" त्याच वेळी पाच नवी घरं जोडली गेली. एक म्हातारा म्हणाला, "या बाईच्या हाती दिलं की पोचतं." गाडी सुटली तरी मी खिडकीतून मान आत घेऊ शकले नाही.

खोटं बोलले आणि धंदा वाढला! दया आली म्हणून केलं असं स्वतःला सांगत होते. पण कागदाशीच कशाला खोटं बोलू? भीती जास्त होती.

२० मार्च

यांना कळलं. दुकानदार बोलला. वाटलं, ओरडतील. नाही ओरडले. हळू आवाजात म्हणाले, "सामान हरवलं तर भरून देता येतं, कावेरी. माणूस हरवलाय आणि तू तो पोचवलास." मग थोड्या वेळानं — "तो कुठं मरून पडला असेल तर?"

ताट तसंच झाकून ठेवलं.

२८ मार्च

पुन्हा तोच प्रश्न. रिकाम्या हातानं जाऊ? नीलेशच्या नावानं चहाचा पुडा आणि साबण भरला. यांनी बघितलं. पिशवीकडे पाठ करून बसले.

३१ मार्च, शनिवार

केसरबाई खिडकीचे गज धरून म्हणाली, "आखाजी झाली की मी येते तुझ्यासंगं. दोन दिवस राहीन पोऱ्यापाशी. त्याले सांगू नको. एकदम जाईन दारात!" अक्षय्य तृतीयेला, आखाजीला, लेकी माहेरी येतात, ही म्हणे लेकाकडे जाणार. गाडी चालू झाली तरी गज सोडेना. मी ओरडले, "मावशी, सोडा!"

एक महिनासुद्धा उरला नाही.

२ एप्रिल

आज हे सकाळीच सायकल घेऊन निघाले. एका हातानं हँडल. "कुठं?" "बघतो." संध्याकाळी आले. खेरडीकडे विटांच्या कामावर आपली पोरं आहेत, तिथं विचारलं. नाही.

३ एप्रिल

वासोण्याकडे गेले होते. नाही.

४ एप्रिल

आज नाक्यावरच्या चहाच्या टपरीवर दिवसभर बसून होते. काही कळलं नाही म्हणाले. उद्या परत जाणार. चेहरा उन्हानं काळा पडलाय, पण भिंतीकडे तोंड करून झोपत नाहीत आता.

६ एप्रिल, शुक्रवार

सापडला!

टपरीवाल्यानंच सांगितलं. फेब्रुवारीत एक मराठी पोरगा बाटल्यांसकट नाक्यापलीकडे पकडला. हसत होता म्हणे, पकडल्यावरही. वलसाडच्या जेलात आहे.

जिवंत आहे. मी देवापुढं दिवा लावला. मग आठवलं, आता केसरबाईला काय सांगायचं ते आणखी अवघड झालं.

१० एप्रिल, मंगळवार

दोघं वलसाडला गेलो. तासन् तास बाहेर बसवलं. मग जाळीपलीकडे आला. हसू नव्हतं. गालफडं बसलेली.

"ब्रेक मिळाला वहिनी. आई सगळ्या गावात सांगते, माझा पोरगा कंपनीत आहे. कसा जाऊ परत? दोन खेपा नीट गेल्या. तिसरीला धरलं." जामीन द्यायला कोणी नाही. घरचा पत्ता विचारला तर सांगितलाच नाही. तारखा पुढं पुढं जातायत.

मी त्याला सगळं सांगितलं. रबरी पिशवी, चहा, साबण, सगळं. वाटलं, चिडेल. त्यानं जाळीला कपाळ टेकलं. म्हणाला, "बरं केलंत. असंच देत राहा. तिला कळू देऊ नका. तुम्हाला शपथ आहे."

हे म्हणाले, "ती इथं यायचं म्हणते, नीलेश." शिपायानं वेळ संपली म्हणून सांगितलं. आत जाताना वळून विचारलं, "गुडघा बरा आहे का तिचा?"

११ एप्रिल, बुधवार

उद्या खेप. आखाजी जवळ आली, म्हणून सामान कधी नव्हे इतकं. दोन पिशव्या, वर एक बोचकं. चाळीतल्या सुकदेवच्या अमळनेरच्या बापाचा चष्मा — डोळे तपासून, नंबर काढून बनवलेला. काच घेत नाही म्हटलं तर सुकदेव हात जोडायला लागला. म्हाताऱ्याला दोन महिने काही वाचता येत नाही म्हणे. घेतला. कारभारीभाऊंच्या पोरीचा फ्रॉक, वह्या, रिबिनी.

नीलेशच्या नावानं काही भरलं नाही. यांना विचारलं, काय करू? म्हणाले, "मी नाही सांगणार. तिच्यासमोर तू उभी राहणार आहेस."

शपथ घातली त्यानं. पण लेक जेलात आणि आईनं गूळ जास्त घालून लाडू करायचे? आणि मी ते आणून मुंग्यांना घालायचे? आणि सांगितलं तर त्याच फलाटावर, त्याच माणसांसमोर सांगावं लागेल. धंदा बुडेल. सांगायला मिनिटं किती? दोन.

१४ एप्रिल, शनिवार

परवाचं सगळं लिहून काढते.

नंदुरबार, दोंडाईचा — सामान दिलं, कोणाला काय दिलं ते धड आठवत नाही. शिंदखेडा आलं. केसरबाई खिडकीशी. बाकीच्यांची गाठोडी बाहेर दिली. ती वाट बघत उभी. "माझं?"

मी म्हटलं, "मावशी, बाजूला या जरा." म्हणाली, "गाडी सुटेल वं, इथंच सांग." मागं माणसं. गार्डाची शिट्टी झाली. मला एवढंच कळलं की आता खिडकीतून बोलले तर अर्धंच बोलून जाईन, आणि ते अर्धं घेऊन ही रात्रभर बसेल. शेजारच्या बाईला म्हटलं, "अमळनेरला आक्काबाई येईल, तिला हे सगळं द्या" — आणि उतरले. गाडी हलली. पिशव्या आत, मी बाहेर.

फलाटावरची माणसं बघतच राहिली. मी तिला लिंबाखालच्या बाकावर नेलं. सगळं सांगितलं. जेल, बाटल्या, ब्रेक. ती नुसती ऐकत होती. मग म्हणाली, "पण त्यानं पिशवी धाडली ना?"

मी म्हटलं, "मी घेतली होती. चहा, साबण पण मीच."

मालगाडी गेली एक. मग अगदी हळू म्हणाली, "रोज शेकला मी गुडघा. पोऱ्याचा हात समजीसन."

मी पाय धरायला वाकले तर तिनं पाय मागं घेतले. "'खाऊन-पिऊन शे' असं कितीदा सांगं तू मले?" मी बोटं मोजायला लागले. तिनं माझा हात झटकला, उठली. जाताना फलाटावरच्या माणसांना एवढंच म्हणाली, "माझा नीलेश जेलात शे. या बाईले मालूम होतं." आणि गेली. लंगडत, मागं न बघता.

कोणी माझ्याशी बोललं नाही. उलट्या दिशेच्या गाडीची वाट बघत मी त्याच बाकावर बसून होते.

१६ एप्रिल, सोमवार

अमळनेरहून निरोप आला. एक पिशवी आणि बोचकं आक्काबाईला मिळालं. दुसरी पिशवी त्या बाईनं उतरवलीच नाही, की कोणी नेली, कोण जाणे. तिच्यातच चष्मा होता.

१७ एप्रिल

सुकदेव दारात येऊन उभा राहिला. मी म्हटलं, "दुसरा बनवून देते." म्हणाला, "द्याल हो वहिनी. पण बापाला मी सांगितलं होतं, गुरुवारी वाचायला बस." ओरडला नाही. ओरडला असता तर सोपं गेलं असतं.

माझं नळावर जाणं बंद. बायका बोलायच्या थांबतात.

२० एप्रिल

शिंदखेड्याकडची बातमी पंधरा दिवसांनी नाही, चारच दिवसांत पोचली. कोणी म्हणतं, बाटल्या मीच न्यायचे. कोणी म्हणतं, नीलेशला मीच धाडलं. यांनी एकाची कॉलर धरली, तीन बोटांच्या हातानं. मी मध्ये पडले.

२५ एप्रिल, बुधवार

उद्याची खेप. सकाळपासून दार उघडं ठेवून बसलो. हे सामानाची वही पुढं घेऊन, पेन्सिल डाव्या हातात.

दुपारी कारभारीभाऊ आले. रिकाम्या हातानं. उंबऱ्याबाहेरच उभे. "या वेळी राहू द्या वहिनी."

दुसरं कोणी आलं नाही. संध्याकाळी यांनी दारावरचा कागद काढला. घडी घालून खिशात ठेवला, फाडला नाही.

२६ एप्रिल

गुरुवार. घरीच.

२९ एप्रिल

आखाजी गेली. आईकडे जायचं होतं, गेले नाही. शिंदखेडा दोंडाईच्याच्या पुढं लागतं, तरी गाडीत बसायचा धीर होत नाही.

हे वलसाडला जाऊन आले एकटे. नीलेशला सांगितलं की मी शपथ मोडली. काय म्हणाला? "काही नाही," म्हणाले हे. "बराच वेळ रडला. मग विचारलं, ती आता सगळ्यांना काय सांगत असेल?"

१ मे

ठरलं. महिनाअखेर खोली सोडायची. दोंडाईच्याला जायचं, मिरचीच्या गोदामात निवडायचं काम मिळतं, बायकांना तरी मिळतं. सगळं सुतळीनं बांधायला काढलंय. हे एक टोक दातात धरून गाठ मारायला शिकलेत. बऱ्यापैकी पक्की बसते.

चूक काय झाली, हे रोज मनात उलटं-सुलटं करते. खोटं बोलले ते, की खरं बोलले ते? धंदा तर खऱ्यानंच बुडाला. पण त्या दिवशी गाडीत बसून राहिले असते तर आज मला हे सुद्धा लिहिता आलं नसतं.

५ मे, शनिवार

पोस्टकार्ड आलं. शिंदखेड्याचा शिक्का, कुणा गुरुजींचं वळणदार अक्षर. जसंच्या तसं उतरवते.

"कावेरीस — येत्या शुक्रवारी परतीच्या गाडीला मी स्टेशनावर उभी राहीन. सतरा घरांचं सामान माझ्याकडे जमा आहे. लोक देत नव्हते. मी म्हटलं, ती खिडकीतून खोटं बोलली, पण खरं सांगायला गाडी सोडून उतरली, तिच्याकडे द्या. तुझ्याशी बोलायची मला इच्छा नाही. बोलू नकोस. नीलेशचं सामान या वेळी मी स्वतःच आहे. मला वलसाडला पोचव."